सेव्ह फाइल कोणाच्या घरी राहते?

पीएचडी कशात चालू आहे असं कोणी विचारलं, की मी ‘गेममधल्या नोंदींचा इतिहास’ असं सांगते आणि समोरचा माणूस मान डोलावून विषय बदलतो. म्हणून आज जरा नीट सांगायचं ठरवलंय. प्रश्न साधा आहे. तुम्ही एखादा गेम दोन-तीन वर्षं खेळलात. कॅरेक्टर वाढवलं, हत्यारं गोळा केली, रँक मिळवली. या सगळ्याची नोंद कुठे तरी असते. ती नोंद कोणाची? तुमची, का गेम काढणाऱ्या कंपनीची?

आज याचं उत्तर ‘कंपनीची’ असं आहे, आणि ‘आय अ‍ॅग्री’ दाबताना तुम्ही ते मान्यही केलेलं असतं. कायद्याचे अभ्यासक इथूनच सुरुवात करतात: करारात काय आहे, परवान्यात काय आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे मला आधी वेगळीच शंका येते. हे उत्तर कायम असंच होतं का? नव्हतं. मग बदललं कधी? शोधायला गेलं तर असं दिसतं, की ते बदललं तेव्हा कुठलाही कायदा बदलला नव्हता. एका फाइलची जागा बदलली होती, बस.

थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणारे ‘टीव्ही गेम’ आठवतात? निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला, वरून खोचायच्या कॅसेटी, त्यात ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’. या दोन्ही गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. ज्या गेममध्ये सोय होती, तिथे ती कॅसेटच्या पोटातच होती. ‘लेजेंड ऑफ झेल्डा’ १९८७ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी बसवलेली होती. बॅटरी जिवंत तोवर नोंद जिवंत. कॅसेट मित्राला खेळायला दिली, की तुमचा अर्धवट राहिलेला खेळही तिच्यासोबत त्याच्या घरी जायचा. काही गेम तर बॅटरीच्या भानगडीत न पडता पडद्यावर एक लांबलचक पासवर्ड दाखवायचे, आणि तो तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायचा. म्हणजे खेळाची नोंद तुमच्याच हस्ताक्षरात! ती कोणाची, हे तेव्हा कोणी विचारलं नाही यात नवल नाही. आपल्या वहीची मालकी कोण सिद्ध करत बसतं?

आता माझ्या प्रबंधातल्या सगळ्यात आवडत्या प्रकरणाकडे येते.

१९९६ च्या अगदी शेवटी ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीचा ‘डायब्लो’ आला. भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, त्यांच्याकडून पडलेली हत्यारं उचलायची, आणखी खोल जायचं. पण याच्यासोबत एक नवीन गोष्ट होती: ‘बॅटल डॉट नेट’. इंटरनेट असेल तर जगात कुठेही बसलेल्या माणसाबरोबर खेळा, आणि तेही फुकट. कंपनीला हे फुकट परवडण्याचं एक कारण असं, की तिचे सर्व्हर फार काही करतच नव्हते. ते फक्त खेळाडूंची एकमेकांशी गाठ घालून द्यायचे. पुढचा खेळ खेळाडूंच्या कॉम्प्युटरमध्ये आपापसात चालायचा. आणि तुमचं कॅरेक्टर? ते तुमच्याच हार्ड डिस्कवर, एका छोट्याशा फाइलमध्ये.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला आला असेलच. फाइल माझ्या घरी आहे, म्हणजे ती मी उघडू शकते. उघडू शकते, म्हणजे बदलू शकते. थोड्याच दिवसांत अशी फाइल हवी तशी बदलून देणारे प्रोग्राम इंटरनेटवर फिरायला लागले. पहिल्या लेव्हलचा माणूस एका रात्रीत सर्वोच्च लेव्हलला. वस्तूंच्या नकला करायला तर प्रोग्रामही लागत नव्हता. जमिनीवरची वस्तू उचलताना नेमक्या क्षणी कमरपट्ट्यातल्या बाटलीवर क्लिक केलं, की बाटलीच्या जागी त्या वस्तूची दुसरी प्रत तयार. गावात, जिथे मारामारीला बंदी होती, तिथेही दुसऱ्याला ठार करणारे हॅक निघाले. अनोळखी माणसाबरोबर खेळणं म्हणजे खिसा उघडा ठेवून जत्रेत शिरणं झालं. प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांनी यावर एकच उपाय काढला, फक्त ओळखीच्यांबरोबर खेळायचं. मग बॅटल डॉट नेटचा उपयोग काय?

२९ जून २००० ला ‘डायब्लो टू’ आला आणि त्यात कंपनीने या रोगावर औषध आणलं. खेळाडूला दोन दरवाजे दिले. एक ‘ओपन’: कॅरेक्टर तुमच्या हार्ड डिस्कवर, पूर्वीसारखंच, फसवणूक झाली तर आपापल्या जबाबदारीवर. दुसरा ‘क्लोज्ड’: कॅरेक्टर कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या हाताला लागणार नाही आणि म्हणून दुसऱ्या कोणाच्याही हाताला लागणार नाही. लोक कुठल्या दरवाजाने गेले? गंभीरपणे खेळणारे, वस्तूंची देवघेव करणारे, जवळपास सगळे ‘क्लोज्ड’मध्ये. कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट हेच हवं होतं लोकांना.

या जागी मी जरा अडून बसते, कारण या विषयावर बोलताना बहुतेक जण एक सोपी गोष्ट सांगतात: लोभी कंपन्यांनी खेळाडूंचा हक्क हिरावून घेतला. निदान या प्रकरणात तरी तसं दिसत नाही. खेळाडूंनी आपली फाइल स्वतःहून कंपनीच्या घरी ठेवायला दिली. शेजारी चोऱ्या होत असल्या की आपण दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, तसं. (लॉकरही काही अभेद्य नव्हता म्हणा. ‘डायब्लो टू’मध्ये ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची एक अंगठी नोटांसारखी चालायची, आणि कंपनीच्या सर्व्हरवर असूनसुद्धा तिच्या नकली प्रतींचा सुळसुळाट झाला होता.)

पण लॉकर आणि हा सर्व्हर यांत एक फरक होता. लॉकरमधून दागिने परत आणता येतात. ‘क्लोज्ड’मधलं कॅरेक्टर परत घरी आणायची सोयच ठेवलेली नव्हती. त्याच्याशी इंटरनेटशिवाय एकट्याने खेळायचं म्हटलं तरी नाही. वर आणखी एक नियम: त्या कॅरेक्टरने सलग ९० दिवस लॉगइन केलं नाही तर ते पुसलं जाणार. बारावीची परीक्षा असो, आजारपण असो, कॉम्प्युटर बिघडलेला असो, नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. सर्व्हरवरची जागा त्या काळी महाग होती हे मान्य. पण ज्या फाइलसाठी माझ्या घरी भरपूर जागा होती, ती कंपनीच्या घरी जागा नाही म्हणून पुसायची, आणि पुसण्याआधी मला घरी न्यायलाही द्यायची नाही, हे जरा अजब नाही वाटत?

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे, म्हणून सावकाश मांडते. फसवणूक थांबवायची तर बाहेरची फाइल आत येऊ द्यायची नाही, हे बरोबर. घरी बदललेलं कॅरेक्टर सर्व्हरवर आलं की रोग परत सुरू. पण आतली फाइल बाहेर जाऊ दिली तर फसवणूक कशी वाढते? समजा मी माझ्या कॅरेक्टरची प्रत घरी आणली आणि तिच्यात हवे ते बदल केले. मी एकटीच खेळणार, सर्व्हरवर ती चालणार नाही. कोणाचं काय बिघडलं? आत यायला बंदी हवी होती. तिच्या आडून बाहेर न्यायलाही बंदी आली, आणि ती वेगळी आहे हे त्या वेळी फारसं कोणाच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या पंचवीस वर्षांतली सगळी भांडणं या दुसऱ्या बंदीची आहेत.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो, जमीन शेतात असते. दप्तरात चूक झाली तर माणूस हेलपाटे घालून मेटाकुटीला येतो हे खरं, पण दप्तर जळालं म्हणून जमीन जळत नाही. गेममध्ये मात्र दप्तर हीच जमीन. नोंदीच्या पलीकडे काही नाहीच. म्हणून ज्याच्याकडे दप्तर, त्याच्याकडे सगळंच.

हे तेव्हा कोणालाच दिसलं नव्हतं असं नाही. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा १९९७ चा गेम. त्यात कॅरेक्टर पहिल्या दिवसापासून कंपनीच्या सर्व्हरवर असायचं आणि दरमहा पैसे भरावे लागायचे. त्याचे मुख्य डिझायनर राफ कोस्टर यांनी २००० सालीच खेळाडूंच्या हक्कांचा एक जाहीरनामा लिहिला, थेट १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याच्या धर्तीवर. मला त्यातला गमतीचा भाग शेवटचा वाटतो. तीच कलमं कोस्टर हक्कांची भाषा काढून पुन्हा लिहितात, सर्व्हर चालवणाऱ्यांना दिलेला व्यवहारी सल्ला म्हणून. ‘हक्क’ म्हटलं की कंपनीवाले बिचकतात, ‘सल्ला’ म्हटलं की माना डोलावतात. मजकूर मात्र जवळजवळ तोच!

दरम्यान या नोंदींना बाजारभावही आला. ‘एव्हरक्वेस्ट’ या गेममधल्या वस्तू लोक ईबेवर खऱ्या डॉलरमध्ये विकत होते. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये त्या विक्रीवरून हिशेब मांडला, की त्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न साधारण २,२६६ डॉलर पडतं, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध कुठे तरी. पैसा आला म्हटल्यावर कोर्टकचेऱ्या ओघानेच आल्या. बीजिंगच्या एका तरुणाने ‘रेड मून’ या गेमवर दोन वर्षं आणि १०,००० युआन घातले होते. २००३ मध्ये त्याचं खातं कोणी तरी हॅक करून वस्तू पळवल्या. कंपनीचं म्हणणं असं, की आमच्या लेखी हा नुसता डेटाचा ढिगारा आहे, त्याला कसली किंमत? कोर्टाने ते मानलं नाही आणि वस्तू परत करायला लावल्या. चीनच्या २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेत आभासी मालमत्तेचा नावानिशी उल्लेख आहे. अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’मधली जमीन जप्त झालेल्या ब्रॅग नावाच्या वकिलाने कंपनीवर दावा लावला. २००७ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीच्या करारातलं लवादाचं कलम एकतर्फी म्हणून बाजूला ठेवलं. पण पुढे दोघांनी तडजोड केली, आणि ती जमीन नक्की कोणाची हा प्रश्न निकालाविनाच राहिला.

मला मात्र वस्तूंच्या किमतीपेक्षा दुसऱ्या एका खटल्यात जास्त रस आहे. बॅटल डॉट नेटला वैतागलेल्या काही हौशी प्रोग्रामरांनी १९९८ पासून त्याचीच एक पर्यायी आवृत्ती लिहायला घेतली होती, ‘बीनेटडी’ नावाची. म्हणजे गेम तुमचा, मित्र तुमचे, आणि सर्व्हरही तुमच्याच घरचा. कंपनीचा आक्षेप असा, की या सर्व्हरवर गेमची खरी प्रत आणि चोरीची प्रत यांतला फरक कळत नाही. हा आक्षेप काही खोटा नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २००५ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गेम उलगडून त्याचं सर्व्हरशी बोलणं समजून घ्यायचा जो काही हक्क असेल, तो तुम्ही गेम बसवताना करार मान्य करून सोडून दिलात, असा त्याचा मथितार्थ. याचा परिणाम नीट बघा. फाइल तर कंपनीच्या घरी गेलीच होती. आता तिच्यासाठी दुसरं घर बांधायलाही मनाई झाली. पुढे २०१० मध्ये नवव्या सर्किटने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या एका प्रकरणात सांगून टाकलं, की दुकानातून डबा विकत आणणारा खेळाडू हा सॉफ्टवेअरचा मालक नसतोच, तो परवानाधारक असतो.

तरीही लोक घरं बांधत राहिले. ‘नोस्टॅल्रियस’ हा फ्रेंच स्वयंसेवकांनी चालवलेला बेकायदा सर्व्हर होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सुरुवातीच्या काळात जसा होता, तसा तिथे खेळता यायचा, कारण मूळ कंपनीने तो काळ अपडेटांखाली पुरून टाकला होता. १० एप्रिल २०१६ ला कंपनीच्या वकिलांच्या नोटिशीमुळे तो बंद पडला तेव्हा दीड लाखाच्या आसपास खाती नियमित खेळत होती. त्यानंतर त्या स्वयंसेवकांनी जे केलं ते माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं पान आहे. खेळाडूंच्या कॅरेक्टरांचा डेटा त्यांनी दुसऱ्या एका खासगी सर्व्हरच्या हवाली केला, आणि लोकांना आपापलं जुनं कॅरेक्टर तिथे परत मिळालं. पुढे या दोन गटांचंही बिनसलं, ते सोडा. पण ‘माझं कॅरेक्टर मला दुसरीकडे न्यायचंय’ ही मागणी पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर पुरी केली ती कायद्याच्या नजरेत गुन्हेगार असलेल्या लोकांनी, तीही फुकट.

परत डायब्लोकडे येते, कारण त्याच्या गोष्टीला अजून दोन वळणं आहेत. १५ मे २०१२ ला ‘डायब्लो थ्री’ आला, आणि या वेळी दोन दरवाजे नव्हते. एकट्याने खेळायचं तरी इंटरनेट हवंच, कारण कॅरेक्टर फक्त सर्व्हरवर. पहिल्या दिवशी सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजून गेम घेतलेले लोक ‘एरर ३७’ बघत बसले. फसवणूक रोखायची तर दुसरा मार्ग नाही, असं कंपनीचं म्हणणं. शिवाय खऱ्या पैशांनी वस्तू विकायचा लिलावबाजार तिने गेममध्येच उघडला होता, आणि तिथे नकली माल येऊन चालणार नव्हतं. बरं, मग २०१३ च्या सप्टेंबरात हाच गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. तिथे इंटरनेट लागत नव्हतं, आणि सेव्ह फाइल खेळाडूच्या यंत्रावर! म्हणजे दुसरा मार्ग होता. तिथे हॅक केलेल्या वस्तूही आल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ज्यांना त्या नको होत्या ते आपल्या घरी आपल्या मित्रांबरोबर खेळले. लिलावबाजार तर कंपनीने मार्च २०१४ मध्ये स्वतःच बंद केला. इंटरनेटची सक्ती मात्र कॉम्प्युटरवर तशीच राहिली.

दुसरं वळण २०२१ चं. ‘डायब्लो टू’ची नव्याने रंगरंगोटी केलेली आवृत्ती निघाली, आणि ती काढणाऱ्यांनी सांगितलं की वीस वर्षांपूर्वीची, तुमच्या हार्ड डिस्कवर पडून असलेली एकट्याने खेळल्याची सेव्ह फाइल असेल तर ती यात उघडेल. आणि खरंच उघडली! जुन्या सीडीवर, माळ्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये ज्यांच्या फाइली राहून गेल्या होत्या त्यांना आपलं २००० सालचं कॅरेक्टर परत भेटलं. ज्यांनी सुरक्षित म्हणून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलं होतं, त्यांना या नव्या गेममध्ये पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी लागली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाचून राजवाडे आठवले नाहीत तरच नवल. जुने कागद त्यांना गावोगावच्या वाड्यांत सापडले, कारण ते तिथे, घराघरांत पडून होते. एकाच दप्तरखान्यात असते आणि तो पुसून टाकला असता तर?

युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे. त्याच्या विसाव्या कलमाने आपला डेटा यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागायचा आणि दुसरीकडे न्यायचा हक्क दिला. शिवाय तिथल्या नियामकांनी खुलासा केला की ‘तुम्ही दिलेला डेटा’ म्हणजे फक्त नाव-पत्ता नव्हे, तुमच्या वापरातून निर्माण झालेल्या नोंदीही त्यात येतात. ऐकायला झकास. पण असा डेटा मागवला तर हाती येतात ते तक्ते: कधी लॉगइन केलं, काय विकत घेतलं, कोणाला काय मेसेज पाठवला. कुठल्याच गेममध्ये ते चालत नाहीत. शेताऐवजी शेताचा फोटो. युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, तेव्हा विकत घेतलेला गेमच सुरू होईना. मग तक्ते घेऊन करायचं काय? त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. बंद करायचा तर करा, पण जाताना गेम चालू राहील अशी काही तरी सोय करून जा, एवढंच त्यांचं मागणं आहे. युरोपीय संघाकडच्या त्यांच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

आता आपल्याकडचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे प्रत्यक्ष भोगलंय.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. कारण काय दिलं होतं? भारतीयांचा डेटा परवानगीशिवाय देशाबाहेरच्या सर्व्हरवर जातोय. ३० ऑक्टोबरला टेन्सेन्टने भारतातली सेवा पूर्ण थांबवली. पोरांच्या ‘आयडी’ गेल्या. आपल्याकडे खात्याला आयडी म्हणतात, आणि आयडी म्हणजे नुसतं नाव नाही, त्यात रँक, स्किन, वर्षानुवर्षांचा खेळ सगळं आलं. इथे शब्दाची एक विचित्र गंमत आहे. सरकार म्हणतं भारतीयांचा डेटा धोक्यात आहे, म्हणून बंदी. पोरगा म्हणतो बंदीमुळे माझा डेटा गेला. दोघंही ‘डेटा’च म्हणतायत. पहिल्याच्या मनात फोनमधून निघून जाणारी माहिती आहे, दुसऱ्याच्या मनात सर्व्हरवर राहून गेलेली मेहनत. पहिल्याची दखल घ्यायला कायद्याचं कलम होतं. दुसऱ्यासाठी तक्रार करायला खिडकीच नव्हती.

मग २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीने भारतासाठी वेगळा ‘बीजीएमआय’ आणला. उघडल्यावर विचारणा यायची: जुन्या गेममधला डेटा इकडे आणायचा का? हो म्हटलं की टेन्सेन्टच्या सिंगापूरच्या कंपनीकडून तुमची आयडी क्राफ्टनकडे. रँक, स्किन, सगळं आलं! लोकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मलाही या घटनेचं फार महत्त्व वाटतं, पण थोड्या वेगळ्या कारणाने. एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, एका देशातून दुसऱ्या देशात, अख्ख्या भारताच्या खेळाडूंच्या नोंदी बटण दाबून हलवता येतात हे इथे सिद्ध झालं. तांत्रिक अडचण वगैरे काही नसते. पण ती नोंद हलली ती दोन कंपन्यांचं आपसात जमलं म्हणून, आणि ते जमणं संपलं तेव्हा, म्हणजे २०२१ संपताना, ती सोयही संपली. ज्याने फोनच २०२२ मध्ये घेतला, त्याने कोणाकडे जायचं? त्याच वर्षी जुलैत बीजीएमआयही स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. म्हणजे ही टांगती तलवार किती पातळ दोऱ्याला बांधलीय हे सगळ्यांनी पाहिलं.

डेटा घेऊन जायचा हक्क आपल्याही कायद्यात येणार होता, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात तो होता. २०१९ च्या विधेयकातही होता. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्यक्ष जो कायदा झाला, त्यातून तो गळला. या कायद्यात आपल्या डेटाचा गोषवारा मागायची, चूक दुरुस्त करून घ्यायची, तो पुसायला सांगायची तरतूद आहे. एवढंच काय, बँकेच्या खात्याला लावतो तसा नॉमिनी नेमायचीही तरतूद आहे. म्हणजे कंपनीला ‘माझं सगळं पुसून टाका’ असं सांगता येईल, पण ‘माझं मला घरी द्या’ असं सांगता येणार नाही. पुसायचं कलम होतं आणि न्यायचं कलम नव्हतं, हे वाचताना मला ‘डायब्लो टू’चा नव्वद दिवसांचा नियमच आठवला.

कंपन्यांच्या बाजूनेही दोन गोष्टी खऱ्या आहेत. तलवारीची नोंद तुमची म्हटली तरी तलवारीचं चित्र त्यांच्या चित्रकाराने काढलेलं आहे. आणि नोंदी कशा रचून ठेवल्यात हे त्यांचं व्यवसायाचं गुपित आहे, ते उघडं पडलं तर हॅक करणाऱ्यांचं फावतं. पण यातून कॅरेक्टर घरी नेऊन चालवायची अडचण सिद्ध होते. बंद करताना तीन महिने आधी प्रत उतरवून घ्यायची मुभा, किंवा २०२१ सारखी बदलीची सोय मुदत न घालता चालू ठेवणं, यात चित्रकाराचं किंवा गुपिताचं काहीच जात नाही.

जाता जाता एक काम तुमच्याकडे आहे. २०२१ मध्ये बीजीएमआय उघडल्यावर जे संमतीचं पान यायचं, त्यातला शब्दन् शब्द मला प्रबंधासाठी हवाय, कारण आपल्याकडे खेळाडूची नोंद एका कंपनीकडून दुसरीकडे गेल्याचा तोच मोठा दस्तऐवज आहे. वेगवेगळ्या आवृत्त्यांत तो मजकूर बदललाय का, हे मला ताडून बघायचंय. जुन्या फोनच्या गॅलरीत कोणाकडे त्या पानाचा स्क्रीनशॉट राहिला असेल, तर आपलं नाव आणि आयडी झाकून मला पाठवा. तारीख दिसत असेल तर फारच छान.